राखलेला गळा

हमिदाफुफूने शिवलेला एकही ब्लाउज मला पहिल्या खेपेला बसलेला नाही. बाही नेमकी घट्ट होते. तक्रार केली की ती माझ्या दंडाकडे बघते आणि म्हणते, "कापड आटला नाय बाई, तुमीच वाढलाव." तरी गेली कित्येक वर्षं मी तिच्याकडेच शिवते. राजिवड्यात तिचं घर माझ्या घरासमोर आहे हे एक कारण. खरं कारण म्हणजे तिच्या मशीनपाशी तासभर बसल्याशिवाय मला करमत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दिवसभर पोरांपुढे घसा फोडून आल्यावर कुणीतरी मला गप्प बसवणारं लागतं, आणि ते काम फुफू चोख करते.

नात्याने ती शेजारच्या समरीनची फुफू, म्हणजे वडिलांची बहीण. पण सगळा मोहल्ला तिला फुफू म्हणतो, म्हणून मीही म्हणते. नवरा अस्लमभाई मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची जाळी दुरुस्त करतात, मुलगा कुवेतला आहे, घरात सून झरीन. अशी बाई खाडीकाठच्या कुठल्याही वस्तीत सापडेल. फुफूचं वेगळेपण एवढंच, की लग्नघरी हळदीच्या दिवशी गाणं उचलायचं ते तिने.

हे उचलणं काय ते सांगते. हळदीला बायका खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गोल बसतात. ढोलकी नाही, पेटी नाही. एक बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या ती परत म्हणतात. त्याला झील धरणं म्हणतात. पहिली ओळ फार वर लागली तर पुढे सगळ्यांचे गळे अडकतात, फार खाली लागली तर गाणं बसून जातं. फुफूची ओळ बरोबर जागेवर पडायची. नवरीला होडीतून सासरी नेतानाचं एक जुनं गाणं तिच्याकडे आजीकडून आलेलं. "हलू हलू वल्हव रे तांडेला, होडीत माजी लेक." होडी हाकणाऱ्या तांडेलाला नवरीची आई विनवते आहे. ही सगळी ओळ फुफू एका दमात म्हणायची आणि शेवटचा 'लेक' लांबवत न्यायची. होड्या गेल्या, नवऱ्या गाडीतून जायला लागल्या, तरी हळदीला आणि पाठवणीला हे गाणं लागतंच.

तिच्या गळ्यावरची गाठ घरच्यांच्या आधी मला दिसली. माप घेताना ओढणी सरकली आणि गळ्याच्या मधोमध लिंबाएवढी सूज दिसली. "हे कधीपासून?" मी विचारलं. तिने ओढणी ओढून घेतली आणि माझ्या दंडाभोवतीची टेप नको तितकी आवळली. मी ओरडले. ती हसली नाही, तेव्हाच मी समजले की ती गाठ तिला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे आणि ती घाबरली आहे.

अस्लमभाईंनी तिला कोल्हापूरला नेलं. तपासणीत भलतंसलतं काही निघालं नाही, पण थायरॉइडची गाठ श्वासनलिकेवर दाब देत होती. ती काढायची ठरलं. डॉक्टरांनी सांगायचं म्हणून हेही सांगितलं, की आवाजाची नस त्या ग्रंथीच्या मागूनच जाते, तेव्हा आवाजात थोडाफार फरक पडू शकतो. अस्लमभाईंनी मान डोलावली. फुफू कोल्हापूरहून आली ती पाय न धुता माझ्या दारात उभी राहिली.

"बाई, ती नस कुठं हाय ता मना दाखवा."

मी तिला तिच्याच मशीनपाशी नेलं आणि ती ज्या खाकी कागदावर ब्लाउजचं कटिंग काढते, त्यावर गळा काढला. नस काढली. तिने रिळाचा एक दोरा तोडून चित्राशेजारी धरला. "येवढीशी?"

"याहून थोडी जाड," मी म्हटलं. धीर देण्याची कला मला कधीच जमलेली नाही.

"मेली तर मना कळायचा नाय," ती म्हणाली. "पन उठून बसली नि गळ्यातून कायच आला नाय, तर?" तिने दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मी चहा टाकायला आत गेले आणि गॅस पेटवायला मला दोन काड्या जास्त लागल्या.

ऑपरेशन नीट झालं. पावसाळा नुकताच सरला होता. ती शुद्धीवर आली तेव्हा गळ्यातून फक्त हवा आली. डॉक्टरांनी समजावलं, की गाठ मोठी होती, नस ताणली गेली आहे, तुटलेली नाही. काही महिन्यांत ती जागी होईल. पूर्ण होईल की अर्धी, ते आज सांगता येणार नाही. चार दिवस विश्रांती घ्या आणि मग हे व्यायाम सुरू करा. व्यायामाचा कागद झरीनने नीट घडी करून आणला.

फुफूने विश्रांती घेतली. चार दिवस झाले, आठवडा झाला, दिवाळी होऊन गेली, तिने तोंड उघडलं नाही.

इथे आमच्या लोकांची एक रीत आड आली. हळदीला गाणं उचलणारी बाई आदल्या संध्याकाळपासून बोलत नाही. त्याला गळा राखणं म्हणतात. त्या दिवशी ती नमस्काराला, सलामाला, शिव्यांनाही उत्तर देत नाही, आणि कुणी राग मानत नाही. फुफूने तोच नियम आजाराला लावला. समरीनचं लग्न ईदनंतर ठरलं होतं, मुलगा लांज्याचा, कतारला नोकरीला. फुफू तोपर्यंत गळा राखणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं आणि मोहल्ल्याला त्याचं फार कौतुक वाटलं. बायका दारावरून जाताना आवाज बारीक करायच्या. अस्लमभाई तर मला अभिमानाने म्हणाले, "भाईर कुनी इतका सबर करून दाखवावा." मशीन चालू असायचं. काही हवं असलं की फुफू कात्रीची मूठ टेबलावर आपटायची. जास्त काही सांगायचं असलं तर खडूने कापडावर लिहायची आणि मग पुसून टाकायची.

मला ते कौतुक बघून संताप यायचा. न वापरलेला गळा आपोआप बरा होत नाही, एवढं मला कळत होतं. त्याहून जास्त कळत होतं ते हे, की ती राखत नव्हती, ती भीत होती. तोंड उघडलं नाही तोवर आवाज आहे की नाही हे ठरत नाही. ते ठरूच नये म्हणून ती गप्प होती. आणि मी तिला हे सांगत नव्हते, कारण मलाही तीच भीती होती. मी सांगितलं, तिने तोंड उघडलं आणि खरंच काही आलं नाही, तर पुढे काय?

एका रविवारी समरीन आली. पोर गुणी आहे. फुफूच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "फुफू, तू अजाबात टेन्शन घेव नको. झरीनभाभीच्या हळदीला तू गायलीस ना, ता माज्या मोबाईलमदी हाय. स्पीकर लावू. तू माज्या बाजूला नुसती बस." आणि तिने ते लावलं.

खोलीत फुफूचा आवाज आला. भरलेला, थोडा उद्धट, "तांडेला"वर मुरका घेऊन "लेक"वर सावकाश उतरणारा. फुफू कापडाखाली हात धरून बसली होती. हात तसेच राहिले. गाणं संपायच्या आत ती उठली, मोरीत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. समरीनला वाटलं, फुफूला भरून आलं. मी मोरीच्या दारातून तिचं तोंड पाहिलं. पाणी चढायला लागल्यावर खाडीत अडकलेल्या माणसाचं असतं तसं तिचं तोंड झालं होतं.

आता दयाळाचं सांगायला हवं. फुफूच्या परसात शेवग्याचं झाड आहे आणि त्याच्यावर एक दयाळ पक्षी असतो. काळा-पांढरा, शेपटी वर उचलून मिरवणारा. मला पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायचा नाद आहे. पक्षी आनंदाने गातात असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. नर गातो तो ही फांदी माझी आहे हे बजावायला आणि मादीला बोलवायला. त्यात आनंद किती आणि धाकधूक किती, हे त्यालाच विचारावं लागेल. पण एक गोष्ट मात्र आपल्यासारखी आहे. दयाळाला गाणं पोटातून येत नाही, ते तो शिकतो. पिल्लू मोठ्यांचं ऐकतं, मग बाळं बडबडतात तसं अर्धवट पुटपुटतं, स्वतःचं स्वतः ऐकतं, चुकतं आणि हळूहळू जुळवतं. म्हणून गावागावाचा दयाळ वेगळा लागतो. माझं माहेर लांज्याकडचं. तिथले दयाळ ओळीच्या शेवटी खाली येतात, आमचे राजिवड्याचे वर झटका देतात. आणि ओळ केवढी लांब, हे छातीतला दम ठरवतो, पक्ष्याचाही आणि बाईचाही. दम संपत आला की सूर उतरतो, शेवटचा स्वर लांबतो. जगभरच्या गाण्यांत आणि पक्ष्यांच्या कितीतरी गाण्यांत ही ठेवण सापडते, ती याच साध्या कारणाने.

थंडीत आमचा दयाळ गात नाही. नुसता चर्र चर्र करतो. जानेवारी सरता सरता तो पुन्हा सुरुवात करतो, आणि ती सुरुवात ऐकवत नाही. घशातल्या घशात, तुटक, मध्येच बंद. त्या दिवशी मी मशीनपाशी बसले होते आणि तो शेवग्यावर असा पुटपुटत होता. फुफूने पाय थांबवला. बराच वेळ ऐकलं. मग खडूने निळ्या पॉपलिनवर लिहिलं : याचा गळा बिघडला?

"बिघडला नाही," मी म्हटलं. "दर वर्षी याचं असंच असतं. मोठा नर आहे, मागच्या चैत्रात सगळी आळी दणाणून सोडली होती याने. तरी आता पहिल्यापासून घोकतोय. आधी वाईट गाणार, मग बरं."

तिने ते पुसलं आणि लिहिलं : लाज नाय त्याला.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण महिनोन्महिने तोंडाशी आलेलं होतं ते सुटलं. "त्याला लाज परवडत नाही फुफू. तो गळा राखत बसला असता ना, तर ही फांदी दुसऱ्याची झाली असती. तूही राखत नाहीयेस. तू घाबरलीयस. तो व्यायामाचा कागद घडी मोडून एकदा तरी बघितलास?"

फुफूने कात्री घेतली, माझं पॉपलिन बाजूला सारलं आणि बोट दाराकडे केलं. मी उठले. एवढ्या वर्षांत तिने मला कधी घालवून दिलं नव्हतं. घरी येऊन मी बराच वेळ खिडकीशी उभी राहिले, आणि समोरचं मशीन पुन्हा सुरू झालं नाही.

त्यानंतर आठवडाभर मी तिकडे फिरकले नाही. मग एका सकाळी झरीनने दयाळाचा आवाज मोबाईलवर शोधला. दयाळ पुटपुटतोय हे तिनेही ऐकलं होतं. सासूला जरा विरंगुळा म्हणून तिने एका पूर्ण गाणाऱ्या दयाळाचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं. मी माझ्या ओट्यावर होते, सगळं समोर दिसत होतं. आमचा दयाळ शेवग्यावरून सुटला तो कौलांवरून थेट पुढच्या खिडकीच्या गजांवर. पंख फुलवून, चोच उघडून तो गजांवर आपटत होता. खोलीत दुसरा नर शिरलाय आणि तो आपल्याहून कितीतरी बरा गातोय, एवढंच त्याला कळत होतं. झरीन हसत होती, तिला तो खेळ वाटला. मी ओरडणार, तेवढ्यात फुफू स्वयंपाकघरातून धावत आली.

"बंद कर!" ती म्हणाली.

म्हणाली म्हणजे म्हणायला गेली. जे आलं ते फाटलेलं होतं. अर्धी हवा, मध्ये एक चिरका तुकडा, पुन्हा हवा. झरीनच्या हातातला मोबाईल खाली पडला आणि वाजतच राहिला. फुफू गळ्यावर हात ठेवून उभी होती. तिने ऐकलं होतं. इतके महिने जे ऐकायचं टाळलं ते तिने सुनेसमोर, माझ्यासमोर, उघड्या खिडकीत ऐकलं होतं.

दुपारी ती आली. हातात तो घडीचा कागद. ओट्यावर बसली आणि हवेसारख्या आवाजात म्हणाली, "शिकवा."

कागदावर फार काही नव्हतं. तोंड मिटून हुंकार भरायचा. पेल्यात पाणी घेऊन स्ट्रॉमधून बुडबुडे काढत सूर धरायचा. लहान मुलांचे खेळ. फुफू ते मशीन चालू ठेवून करायची, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. मी शेजारी काजं-बटणांचा डबा घेऊन बसायची आणि न ऐकल्यासारखं करायची. तो हुंकार ऐकणं सोपं नव्हतं. कधी यायचा, कधी नुसतं पाणी बुडबुडायचं. ती माझ्याकडे बघायची आणि मी बटणांकडे.

परसात दयाळही घोकत होता. फेब्रुवारीत त्याचे तुकडे जुळायला लागले. मग रमजान आला. रोजाने फुफूचा घसा दिवसभर कोरडा राही, सराव इफ्तारनंतर थोडासाच होई. ईद झाली तोवर दयाळ शेवग्याच्या शेंड्यावरून पूर्ण गायला लागला होता, शेवटच्या झटक्यासकट. फुफू मागे राहिली. बोलणं आलं, खरखरीत का होईना. पण सूर खालच्या बाजूलाच राहिला आणि दम पुरेना. आवाजाचे दोन पडदे नीट मिटत नाहीत, मधून हवा गळते, म्हणून श्वास लवकर संपतो, हे मी तिला पुन्हा कागदावर काढून दाखवलं. "होडीत माजी" इथवर ती यायची आणि छाती रिकामी. 'लेक' उरायचाच.

लग्न तोंडावर आलं तशी तिची झोप उडाली, जेवण उडालं. शिवता शिवता सुई बोटात जायची. हे कुणाला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. मोहल्ला अजून तिचं कौतुक करत होता. समरीनने स्पीकर आणून ठेवला होता.

"बाई," एकदा तिने विचारलं, "तो दयाल गायलाच नाय, तर त्याचा काय होता?"

खोटं बोलायला हवं होतं, कळत होतं. "दुसरा येतो," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि समरीनच्या शरार्‍याची किनार टाचायला घेतली.

हळदीचा दिवस उजाडला. दुपार कलल्यावर समरीनच्या खळ्यात मांडवाखाली बायका जमल्या. समरीन पिवळ्या कपड्यांत मधे बसलेली, हाता-तोंडाला हळद. खुर्चीवर स्पीकर, झरीनच्या हातात मोबाईल. फुफू नवरीच्या बाजूला बसली होती, पाठ ताठ, ओठ मिटलेले. ती गाणार की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं. मी मनात म्हणत होते, नको गाऊस फुफू, स्पीकर लागू दे, कोण मरणार आहे त्याने. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की स्पीकर लागला तर ती या खळ्यातून उठेल ती गाणं सोडूनच.

झरीनने बोट पुढे केलं. फुफूने हात वर करून तिला थांबवलं.

"हलू हलू वल्हव रे तांडेला," तिने उचललं. सूर खूपच खाली होता, पुरुषाचा वाटावा इतका. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "होडीत माजी..." आणि दम संपला. फुस्स करून हवा गेली. मला फुफूचा श्वास आत जाताना ऐकू आला, मग एक आखूड, खरखरीत 'लेक'.

आता झील. बायकांनी खालचा सूर धरला. "हलू हलू वल्हव रे तांडेला, होडीत माजी..." आणि सगळ्या थांबल्या. तीस-चाळीस बायका, धडधाकट छातीच्या, नेमक्या त्याच जागी थांबल्या, श्वास घेतला आणि आखूड, खरखरीत आवाजात म्हणाल्या, "लेक."

या वेडावताहेत. फुफूला तेच वाटलं आणि मलाही तेच वाटलं. समोरच्या पोरीच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं. फुफूने ओढणी तोंडावर ओढली आणि उठायला एक हात जमिनीवर टेकला.

समरीनने तिचं मनगट धरलं. हळदीचा हात, पिवळा ठसा उमटला. "फुफू, पुढची ओळ?"

"थट्टा करतांव माजी?" फुफू घोगऱ्या आवाजात म्हणाली.

समरीनला कळेना. झरीन पलीकडून वाकली. "थट्टा कसली अम्मी? तू जशी म्हनलीस तशीच धरली ना आमी. काय चुकला?"

मी बायकांकडे नीट बघितलं तेव्हा. कुणी हसत नव्हतं. सगळ्या फुफूच्या तोंडाकडे बघत होत्या, पुढची ओळ कशी येते ते टिपायला. झील धरणाऱ्यांना गाणं असंच येतं, तोंडातून तोंडात. उचलणारी जे म्हणेल ते जसंच्या तसं, त्यात आपलं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. तिथे थांबणं ही फुफूची मोडकी छाती आहे, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांनी ते गाण्यात धरलं होतं.

फुफू खाली बसली. तिने पुढची ओळ उचलली, ती मोडली, बायकांनी मोडकी धरली. तिसऱ्या फेरीला त्या थांबण्यापाशी खळ्यात इतकी शांतता झाली, की समरीनची आई 'लेक' यायच्या आधीच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी निकाहनंतर समरीन लांज्याला निघाली. गाडी फुलांनी सजवून दारात उभी होती. फुफूचा घसा हळदीने पार बसला होता. ती मागे, माझ्याजवळ उंबऱ्याला टेकून उभी होती, आणि आज उचलायला आवाज नाही म्हणून पुन्हा घाबरलेली. माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. तेवढ्यात पुढून कुणीतरी गाणं उचललं. झरीन होती. तरुण छाती, सगळी ओळ सहज एका दमात जाईल अशी. "हलू हलू वल्हव रे तांडेला, होडीत माजी..."

आणि ती थांबली.

फुफू माझ्या कानाशी कुजबुजली, "हिचा दम तर चांगला हाय. मग ही का थांबली?"

"तू थांबलीस म्हणून," मी म्हटलं.

फुफूने माझा हात सोडला नाही. गाडी हलली, बायकांनी झील धरली, सगळ्या त्या जागी येऊन थांबल्या, आणि फुफूनेही त्यांच्याबरोबर श्वास घेतला.